काडीकचरा कुणाचा?

गेल्या वर्षी वैशाखात वळवाचा वारा सुटला आणि आवारातल्या जुन्या लिंबाच्या दोन मोठ्या फांद्या कडाडून खाली आल्या. मिस्सेला येताना तुमच्यापैकी अनेकांनी त्या ओलांडल्या असतील. देवाच्या दयेने कुणाला इजा झाली नाही. महिनाभर त्या तशाच पडून राहिल्या. पाने गळाली, काटक्या वाळल्या, आणि मग बागेची हौस असलेल्या आम्हा चार-पाच जणांच्या मनात आले की याच लाकडावर भाजीचे उंच वाफे करावेत. पुढे जे घडले ते केवळ बागकामाचे असते तर या पानाची जागा आम्ही अडवली नसती. पण त्या वाफ्यांनी आमच्यापुढे एक प्रश्न टाकला आणि तो वर्षभर आमच्या मनात घोळतो आहे. आपण ज्याला टाकाऊ म्हणतो, ते खरोखरच कुणाचे नसते का?

आधी वाफ्याची रीत सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कळेल. जमीन हातभर खणायची, भोवती विटांची किंवा दगडांची कड उभी करायची. तळाशी जाड ओंडके, शक्यतो आधीच कुजू लागलेले. त्यावर फांद्या, त्यावर काटक्या, मग पालापाचोळा, शेणकाला, अर्धवट कुजलेले खत आणि सगळ्यात वर वीतभर चांगली माती. प्रत्येक थर पाण्याने भिजवायचा आणि पायाने दाबायचा. आतले लाकूड हळूहळू कुजते. बुरशीचे पांढरे धागे त्यात शिरतात, लाकूड स्पंजासारखे होते, पावसाचे पाणी धरून ठेवते आणि मुळांना सावकाश देते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातले बागवान या रीतीला ‘ह्यूगेलकुल्टूर’ म्हणतात. शब्दाचा अर्थ साधाच, टेकाडावरची लागवड. ऑस्ट्रियातल्या डोंगरात शेती करणाऱ्या सेप होल्झर यांच्यामुळे ती जगभर माहीत झाली.

परंतु थरावर थर रचून कुजवण्याची विद्या शिकायला इतक्या लांब जायला नको. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, नारायण देवराव पांढरीपांडे नावाचे गृहस्थ होऊन गेले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ‘नाडेप’ हा शब्द आला. आपल्याकडच्या बऱ्याच शेतकऱ्यांनी तो ऐकलेला असतो, पण त्यामागे एक माणूस होता हे फार थोड्यांना ठाऊक असते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी भोके. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाच्या पाण्याचा सडा, त्यावर माती, पुन्हा काडीकचरा. टाके काठाच्या वर शिगोशीग भरायचे आणि माती-शेणाने लिंपून टाकायचे. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरायचे आणि पुन्हा लिंपायचे. तीन-चार महिन्यांत काळे, मोकळे, मातीचा वास असलेले खत तयार होते. पांढरीपांडे यांचे म्हणणे असे की शेण थोडे असले तरी भागते, कारण खरे धन काडीकचऱ्यात आहे. ज्याच्या दावणीला एकच जनावर आहे, अशा शेतकऱ्याला हा मोठा दिलासा होता.

आणखी एक नाव घ्यायला हवे, ते श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचे. ते गणिताचे प्राध्यापक, कोल्हापूर भागातले. २००१ साली ते वारले. शेतकऱ्यांनी स्वतःच प्रयोग करावेत आणि एकमेकांना सांगावेत यासाठी त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. दहा गुंठे जमीन नीट कसली तर एका कुटुंबाचे भागू शकते, असे ते हिशेब मांडून दाखवीत. पाला, काटक्या, चिपाडे यांच्यापासून बनलेली माती हे त्या हिशेबाचे भांडवल. त्यांच्या विचाराचा धागा पुढे शहरातही गेला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मोठ्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळझाडे आणि भाज्या वाढवल्या, त्या याच वाटेने.

हे सगळे वाचून आमचा उत्साह वाढला. एका शनिवारी आम्ही कुऱ्हाड, करवत घेऊन आलो. आवार झाडून काढले. लिंबाच्या फांद्या, जुन्या शेवग्याचे पडलेले खोड, कुंपणाच्या बाभळीच्या काटक्या, सगळे तीन वाफ्यांत गाडले. संध्याकाळी आवार इतके स्वच्छ दिसत होते की आम्हीच आमच्यावर खूश झालो. रविवारी पुष्कळांनी कौतुकही केले.

एक माणूस मात्र खूश झाले नाही. आपल्या आवारात दर दोन-चार दिवसांनी एक आजी येतात. आपल्या धर्मसभेच्या नाहीत. स्टेशनच्या बाजूच्या वस्तीत राहतात. झाडांखाली पडलेल्या काटक्या वेचतात, मोळी बांधतात आणि जातात. कितीतरी वर्षे येत असतील. आम्ही त्यांना पाहत होतो, पण त्या काय नेतात याकडे कधी लक्ष दिले नव्हते. त्या सोमवारी त्या आल्या, झाडून काढलेल्या आवारात दोन फेऱ्या मारल्या, वाफ्यापाशी उभ्या राहिल्या आणि तिथे पाणी घालत असलेल्या आमच्यातल्या एकाला म्हणाल्या, “समदं पुरलंव का, बाबा?” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रिकाम्या हाताने त्या परत गेल्या आणि नंतर महिनाभर दिसल्या नाहीत.

त्या एका प्रश्नावर आमच्यात वाद झाला. तो तुम्हाला सांगणे आम्हाला जरुरीचे वाटते, कारण दोन्ही बाजूंना चांगली माणसे होती.

काहींचे म्हणणे असे की झाड चर्चचे, फांदी चर्चची, तेव्हा ती गाडायची की विकायची हे चर्चने ठरवावे. आजी नेत होत्या ते आपल्या सौजन्याने. सौजन्य म्हणजे हक्क नव्हे. आणखी काहींनी वेगळा मुद्दा काढला. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती खराब होते, मग आपण सरपण देऊन त्यांचे भले करतो की नुकसान? २०१६ पासून उज्ज्वला योजनेत घरोघरी गॅस आला, त्यांनी तो वापरावा. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार होता आणि आजही तो आम्हाला पूर्णपणे खोडता येत नाही. जमीनही भुकेली आहे. २०१५ पासून शेतकऱ्यांना मातीची आरोग्यपत्रिका मिळू लागली. तिच्यात सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो आणि मराठवाड्यात बहुतेकांच्या पत्रिकेत तो आकडा कमीच निघतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण पऱ्हाट्या, तुराट्या, शेणसुद्धा जाळत आलो. जे जमिनीतून आले ते चुलीतून आकाशात गेले. मग थोडे लाकूड मातीला परत दिले तर अन्याय कसला?

गॅसच्या मुद्द्याचे उत्तर आम्हाला वस्तीतच मिळाले. आजींकडे सिलिंडर आहे. तो भरून आणायला पैसे लागतात आणि ते हातात असतील त्या महिन्यात येतो. म्हणून पाहुण्यांच्या चहाला गॅस आणि रोजच्या भाकरीला अंगणातली चूल, अशी त्यांची वाटणी आहे. धूर वाईट असतो हे आम्ही त्यांना सांगावे असे काही नाही. तो त्यांच्याच डोळ्यांत जातो. कुणाच्या भल्यासाठी म्हणून त्याच्या हातातली वस्तू काढून घेताना त्याला विचारलेच नाही, तर त्या भल्याचा आपल्याला संशय यायला हवा. आम्हाला तो यायला उशीर झाला हे कबूल करतो.

हक्काच्या मुद्द्याबद्दल मात्र पवित्र शास्त्राकडे वळावे लागते. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांत शेतकऱ्यासाठी एक नियम आहे. कापणी करताना शेताचा काठ पार कापू नये, पडलेली कणसे वेचायला परत जाऊ नये, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये. हे सगळे गरिबाचे, परदेशीयाचे, विधवेचे, अनाथाचे. रूथ बवाजाच्या शेतात शिरली ती याच नियमाच्या आधाराने. आपल्याकडे त्याला ‘सरवा’ म्हणतात. ज्वारी निघाल्यावर, भुईमूग काढल्यावर सरवा वेचणाऱ्या बाया आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिल्या आहेत. काहींच्या आया-आज्याच त्यांच्यात होत्या. शास्त्र त्या शेतकऱ्याला, उदार हो आणि थोडे दे, एवढ्यावर सोडत नाही. ते म्हणते की ती कणसे त्याची नाहीतच. शेत त्याचे, पीक त्याचे, पण खाली पडलेले त्याचे नाही.

या नियमात आम्हाला एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. सरवा जिवंत राहतो तो शेतकऱ्याच्या थोड्याशा गबाळेपणावर. ज्याचे शेत एकही कणीस मागे राहणार नाही इतके चोख साफ होते, त्याच्या शेतात रूथला जागा नाही. आमचे झाडून काढलेले आवार तसेच होते. आम्ही कुणाचे काही चोरले नाही, कुणाला हाकलले नाही, वाईट शब्द बोललो नाही. फक्त काही वाया जाऊ नये म्हणून सगळे गोळा केले. काटकसर हा सद्‌गुण आहे असेच आपल्याला शिकवले गेले. पण आपण वाया गेलेले म्हणतो त्यावर कुणाचे तरी पोट चाललेले असेल, तर आपली काटकसर त्याच्या ताटातूनच होते.

उरला जमिनीचा मुद्दा. लाकडाला संपण्याच्या दोन वाटा आहेत, आग आणि कूज. बारकाईने पाहिले तर दोन्ही एकच काम करतात. झाडाने वर्षानुवर्षे सूर्याकडून जे घेतले ते परत मोकळे होते. आगीत ते अर्ध्या तासात मोकळे होते आणि मागे मूठभर राख उरते. राखेचा बुधवार येतो तेव्हा झावळ्यांच्या रविवारच्या सुकलेल्या झावळ्या अशाच पाहता पाहता संपतात. कुजण्यात तेच काम चार-पाच वर्षे चालते आणि त्या काळात बुरशी, गांडूळ, वाळवी, मुळे असे हजार जीव त्यावर जेवून जातात. हिशेबाने पाहिले तर कूज आगीपेक्षा श्रेष्ठ, यात शंका नाही. पण हा हिशेब करायला वेळ हाताशी लागतो. कुजणाऱ्या लाकडाचे वांगे पुढच्या वर्षी मिळते. जळणाऱ्या लाकडाची भाकरी आज रात्री मिळते. ज्याच्या घरी आजची भाकरी आहे तोच पुढच्या वर्षाच्या वांग्याची वाट पाहू शकतो. धीर हा गुण आहे असे आपण नेहमी ऐकतो. तो गुण आहेच, पण बऱ्याच वेळा ती श्रीमंतीही असते आणि आपल्याजवळ ती आहे हे आपल्या लक्षात येत नाही.

दरम्यान वाफ्यांनीही आम्हाला जमिनीवर आणले. पावसाळ्यात लावलेली वांगी आणि मिरच्या सुरुवातीला बऱ्या होत्या, मग पिवळ्या पडू लागल्या. कारण पुस्तकात होते, आम्हीच नीट वाचले नव्हते. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाबरोबर नत्र लागते. साधारण पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असेल तर काम सुरळीत चालते. लाकडात एका भाग नत्रामागे कर्बाचे भाग कित्येक शेकडा असतात. म्हणून लाकूड कुजताना आजूबाजूच्या मातीतले नत्र ओढून घेते आणि रोपे उपाशी राहतात. पुढे ते नत्र परत मिळते, पण आधी घेते आणि मग देते, असा त्याचा स्वभाव. शेणखत वाढवले आणि कडेने चवळी लावली तेव्हा रोपांचा रंग सुधारला. दुसरी चूक बाभळीची. तिच्या जाड गाभ्याला कुजायची घाईच नाही. तो तसाच्या तसा आत आहे. उलट मऊ शेवगा दिवाळीपर्यंत भुसभुशीत झाला होता. उन्हाळ्यात तर उंच वाफे चारी बाजूंनी तापून भराभर वाळले. ऑस्ट्रियाच्या थंड डोंगरातली रीत जशीच्या तशी मुदखेडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत कशी चालेल? आता आम्ही लाकडाचा थर जमिनीच्या पातळीखाली ठेवतो आणि वर फक्त वीत-दीड वीत उंची देतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाणी साचते, तेव्हा तेवढी उंची मुळे वाचवते. हळद लावणारे आपले शेतकरी गादीवाफे करतात ते उगाच नव्हे.

आजी महिन्याभराने परत आल्या. आमच्यातल्या दोघी बहिणी वस्तीत जाऊन त्यांना भेटून आल्या होत्या, म्हणून आल्या. त्या काळात सरपणासाठी त्या रेल्वेच्या रुळांकडेने दूरवर जात होत्या असे कळले. आम्हाला वाईट वाटले. काय बोलावे हे न सुचून आम्ही त्यांना वाफा दाखवायला नेले आणि कशासाठी काय घालतो ते सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग वाफ्याच्या कडेला उरलेल्या ढिगापाशी बसल्या आणि काटक्या एकेक उचलून मोडून पाहू लागल्या. जी ‘कट्’ करून मोडली ती त्यांच्या बाजूला. जी वाकली किंवा बोटांत चुरली ती आमच्या बाजूला. “ह्ये माझ्या चुलीला नगं,” कुजक्या काटक्यांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “नुस्ता धूर व्हतो. तुमच्या मातीलाच घाला.”

वास्तविक हे पुस्तकातही होते! तळाशी आधीच कुजू लागलेले लाकूड घालावे, असे वाचूनच आम्ही सुरुवात केली होती. चुलीला जे नको तेच वाफ्याला हवे. म्हणजे आमच्यात आणि आजींमध्ये भांडण नव्हतेच. वाटणी होती आणि ती आम्ही विचारली नव्हती.

त्यानंतर आमची नजर बदलली आणि कुणाच्याच चुलीत न जाणारे काय आहे ते आम्ही शोधू लागलो. मुदखेड-अर्धापूरच्या पट्ट्यात त्याची कमतरता नाही. केळीचा घड कापल्यावर खोड बांधावर फेकले जाते. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते जळत नाही, पण वाफ्याच्या तळाशी मात्र पाण्याचा साठाच होतो. फक्त रोगट बागेतले घेऊ नये. हळदीचा वाळलेला पाला आहे. आपल्याकडच्या फुलशेतीतला, बाजारात न खपलेला झेंडू आणि गुलाब आहे. चर्चमध्ये वेदीवर वाहिलेली फुले आठवड्याने सुकतात, तीही आता वाफ्यात जातात. कपाशीच्या पऱ्हाट्यांबद्दल मात्र एक सूचना. त्या वाफ्यासाठी म्हणून रचून ठेवू नका. वाळलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते; २०१७ च्या हंगामात तिने काय केले ते कापूस लावणाऱ्यांना सांगायला नको. तिथे चूलच बरी.

तरी सगळे सुटले असे आम्ही म्हणणार नाही. केळीचे खोड काही जण जनावरांना तोडून घालतात, तेव्हा उन्हाळ्यात ते उचलण्याआधी शेजारच्या गोठ्यात विचारावे लागते. मागच्या महिन्यात शेळ्या राखणारा एक मुलगा आला आणि लिंबाचा पडलेला पाला मागू लागला. त्यालाही द्यावा लागला आणि त्या आठवड्यात आमचा एक थर पातळ झाला. एका भगिनीने विचारले की अशाने वाफा कधी भरायचा? तिचा प्रश्न रास्त आहे. एकेका काटकीचा मालक शोधत बसले तर माणूस काहीच करू शकणार नाही. आमच्याजवळ याला नियम नाही. आम्ही एवढेच ठरवले आहे की आवार एका दिवसात झाडून काढायचे नाही. वाळकी काटकी पडली की ती सात दिवस पडून राहील. त्यानंतर जी उरेल ती वाफ्याची. त्यामुळे आवार थोडे अस्ताव्यस्त दिसते, याची आम्हाला कल्पना आहे. रविवारी येताना कुणाला ते खटकले असेल तर कारण हे आहे.

प्रभू येशूने सांगितलेल्या अंजिराच्या झाडाच्या दाखल्यात माळी मालकाकडे आणखी एक वर्ष मागतो. भोवती खणतो, खत घालतो, मग पाहू, असे म्हणतो. ते खत त्याने कुठून आणले असेल, हा विचार आम्ही पूर्वी कधी केला नव्हता.

तिन्ही वाफे आता हातभर खाली बसले आहेत. मृगाच्या आधी ते पुन्हा भरायचे आहेत. ज्यांच्याकडे केळीची खोडे, कुजके ओंडके, हळदीचा पाला असेल त्यांनी शनिवारी दुपारी आणावा. घमेली आणि फावडी आहेत. कुंपणाच्या भिंतीला टेकवलेली मोळी दिसली तर तिला हात लावू नये. ती आजींची आहे. ऊन उतरले की त्या घेऊन जातात.